वज्रपादाची चाल

आमच्या ह्यांना, म्हणजे तात्यारावांना, कुणी काठी देऊ केली की राग यायचा. तरुणपणी हडपसरच्या कारखान्यात पायावर लोखंडी साचा पडला, तेव्हापासून डावा पाय बाहेर फेकत, उजवा खांदा उचलत चालतात. पण चालतात. कुणी गाडीवर सोडतो म्हटलं की ऐकवायचे, "अहो, पाय आहेत मला." दरवर्षी जयंतीला पांढराशुभ्र शर्ट घालून, निळा झेंडा घेऊन मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे हेच. वस्तीत मान होता तो त्या चालण्याचा.

आणि त्याच्यावर माझ्याच पोराने, धम्मदीपने, पाणी फिरवलं.

तो कॉम्प्युटरवर सिनेमातली माणसं हलवतो. अवकाशातून येऊन पुणं वाचवणारा वज्रपाद, त्याचा एक पाय लोखंडाचा, असा भला मोठा मराठी सिनेमा निघाला होता. वज्रपादाला चालवायचं काम धम्मदीपकडे आलं. ही मंडळी आधी खऱ्या माणसाचं चालणं मोबाइलवर टिपतात आणि त्यावरून चित्रातल्याला चालवतात म्हणे. कुणाचं टिपलं, ते पठ्ठ्या घरात बोलला नाही. ह्यांनी मात्र सिनेमा यायच्या आधीच अख्ख्या वस्तीचं तोंड गोड केलं. मी म्हटलं होतं, अहो, जरा दम धरा.

पहिल्याच दिवशी बघायला गेलो. वज्रपाद धुरातून बाहेर आला, दोन पावलं चालला, आणि ह्यांनी माझा हात घट्ट धरला. मीही ओळखलं. लग्न झाल्यापासून ती चाल दारात उभी राहून बघतेय मी. तेवढ्यात सगळं थिएटर हसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'नायक जग वाचवायला निघालाय की स्वारगेटला सुटत आलेली बस पकडायला, हे शेवटपर्यंत कळत नाही.' असलं लिहायला पुण्याच्या माणसाला फार कष्ट पडत नाहीत. मग तो तुकडा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. चौकातली पोरं पाय फेकत चालायला लागली. हे दूध आणायला गेले, तर मागून एक जण ओरडला, "ए वज्रपाद, पुणं वाचव." त्या मेल्याला कुठे ठाऊक, मूळ माणूस कोण ते. हे दूध न घेताच परतले आणि त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडले नाहीत.

मी धम्मदीपला धारेवर धरलं. "विचारायचं तरी होतंस रे."

मान खाली घालून म्हणाला, "आई, लहानपणी बाबा कंपनीच्या गेटातून बाहेर यायचे ना, एवढ्या गर्दीत मला आधी त्यांची चाल दिसायची. हीरो म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नाही गं."

आता ह्याला मारू की जवळ घेऊ? दोघंही रडलो. हे आत होते. ऐकलं असणार.

जयंती जवळ आली, तसा मला एकच घोर लागला, हे जाणार का? नाही गेले तर हा माणूस घरातल्या घरात संपणार, हे मला दिसत होतं. जेवण तुटलेलं, बोलणं तुटलेलं. धम्मदीप रोज पायाशी बसायचा, "बाबा, मी चालतो तुमच्याबरोबर." हे भिंतीकडे बघत राहायचे.

जयंतीच्या सकाळी हे आपणहून उठले. दाढी केली, शर्टाला स्वतः इस्त्री केली. माझा जीव भांड्यात पडला. मी झेंडा हातात दिला, तर धम्मदीपला म्हणाले, "विहारात म्हाताऱ्यांसाठी चाकाची खुर्ची आहे, ती घेऊन ये."

"बाबा, तुम्हाला चालता येतं."

"येतं. म्हणून तर."

खुर्ची आली. हे बसले. दोन्ही पाय जुळवून फळीवर ठेवले आणि वरून टाकायला माझी शाल मागितली. एप्रिलच्या उन्हात शाल. धम्मदीपने मागच्या मुठी धरल्या, पण त्याचं पाऊल उचलेना.

"ढकल," हे म्हणाले.

रस्त्यात लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, जय भीम म्हणत हात जोडले. चौकातल्या त्या पोरांनीसुद्धा जोडले. कुणी हसलं नाही.