हँडलवरची छत्री आणि बाबाचा बावटा

सायकलच्या हँडलला छत्री लावता येते, हे मला मोबाइलने सांगितलं. मी विचारलेलं नव्हतं. मानपाड्याच्या आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये डबा खाता खाता बोट फिरवत बसलेले, तर समोर एक बाई धो धो पावसात सायकल चालवतेय, केस सुके आणि वर हसतेय. मी वीस वर्षं डोंबिवलीच्या चिखलातून सायकल हाणतेय, अशी कधी हसले नाही. तरी मागवली.

एक मागवलं की मोबाइल हात धुऊन मागे लागतो. हँडलवरून पुढे ओढायचा रेनकोट आला. त्यात वारा शिरला की तो फुगतो. एक डंपर जवळून गेला आणि मी सायकलसकट गटाराच्या कडेला जाऊन टेकले, त्या दिवसापासून कानाला खडा. मागच्या चाकावर अडकवायचा प्लॅस्टिकचा पट्टा पहिल्याच खड्ड्यात उडाला. रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, शेपूट पडलं तुमचं!" हँडलवर लावायचं मोबाइलचं पारदर्शक पाकीट मात्र ठीक निघालं. आणि बुटांवर चढवायची ती रबरी कव्हरं! घर ते कंपनी दहा मिनिटं, पायाला थेंब लागला नाही. मी खूश. म्हटलं, हे सगळं बाबाला.

बाबा म्हणजे माझा बाप, कोळी माणूस. आई गेल्यापासून ठाण्यात कोपरीच्या खोलीत एकटा राहायचा. होडी विकून टाकलेली, तरी रोज सकाळी सायकल काढून खाडीवर जायचा. जुने लोक तिथे जाळी विणत बसायचे, त्यांच्यात बसायचा. वय सत्तरच्या पुढे. आदल्या पावसाळ्यात भिजून भिजून छातीत कफ झाला आणि आठ दिवस हॉस्पिटलात काढले. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, पुन्हा असं झालं तर कठीण आहे. तेव्हापासून मी त्याच्या मागेच लागले. सायकल सोड म्हणून हात जोडले, भांडले, दोन आठवडे अबोला धरला. ऐकेल तर बाप कसला! मग मी ठरवलं, सोडत नाही ना, तर याला कोरडा ठेवायचा. मला दुसरं काही नको होतं. बाबा धडधाकट घरी यायला हवा होता, बस.

त्याच्या सायकलच्या दांडीला एक बांबू बांधलेला असायचा. चांगला पुरुषभर उंच, टोकाला लाल फडकं. तो त्याला बावटा म्हणायचा. खाडीत जाळं कुठे लावलंय ते बाकीच्या होड्यांना कळावं म्हणून असा बावटा रोवतात. होडी गेली, पण बावटा त्याने सायकलला बांधला, आणि त्याला काम होतं. कोपरीत शाळेच्या कोपऱ्यावर गल्ली खोलगट आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की तिथे गुडघ्यापेक्षा जास्त पाणी चढतं. मग कोणीतरी पहार घालून चेंबरचं झाकण सरकवतो, पाणी जावं म्हणून. पाणी जातंही. पण ते काळं पाणी वरून सपाट दिसतं, खाली तोंड उघडं आहे हे कळतच नाही. झाकण काढणारा घाईत असतो, निघून जातो. बाबा बांबूने चाचपत जायचा, तोंड सापडलं की त्यात बावटा उभा करायचा आणि पाणी उतरल्यावर परत घेऊन यायचा. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? रस्त्याने बाप चाललाय आणि सायकलला लाल फडकं.

एका रविवारी मी सगळा खोका घेऊन कोपरीला गेले. छत्रीचा क्लॅम्प लावायला बसले तर त्याचा आधाराचा दांडा नेमका बांबूच्या जागी येत होता. मी सुरीने दोऱ्या कापल्या.

बाबा दारात उभा राहून बघत होता. छत्री उघडली तसा बोलला, "गो बाय, हे तर शीड हाय. वारा धरला का मना खाडीत नेल."

"हळू चालव मग."

"आनि बावटा?"

"बाबा, पुरे आता ती काठी! चेंबर उघडं टाकणारे बघतील त्यांचं ते. लोकांचं बघायला लोक आहेत. तू स्वतःला सांभाळ."

हे शब्द माझेच आहेत. बदलून सांगायचा मोह होतो, पण असंच बोलले मी.

आयुष्यभर चपला घातलेल्या माणसाला मी कॅनव्हासचे बूट घालायला लावले, वर ती रबरी कव्हरं चढवली. खोलीत दोन फेऱ्या मारून दाखव म्हटलं तर शहाण्या मुलासारख्या मारल्या. निघताना बांबू कोपऱ्यात दिसला. परत बांधेल म्हणून मी तो बाहेर नेला आणि घंटागाडीत टाकून दिला. गाडीतल्या माणसाने तो मोडून दोन तुकडे केले, कारण लांब होता.

त्यानंतर रोज सकाळी फोन करायचे. "बाबा, पाय?" तो म्हणायचा, "सुके गो. एकदम झकास." मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत फिरायचे. जिथून मागवलेलं तिथे अभिप्रायही लिहिला, पाच तारे देऊन: 'वडिलांसाठी घेतली. अर्धा तास सायकल चालवतात, पाय अगदी कोरडे राहतात. डोळे झाकून घ्या.' खाली आकडा वाढायचा, इतक्या लोकांना हे उपयोगी वाटलं. माझी कॉलर ताठ.

मग तो दिवस आला. सकाळपासून उजाडलंच नव्हतं म्हणा ना. कंपनीत दिवे लावून बसलेलो. नऊच्या सुमारास बाबाला फोन केला, आज जाऊ नकोस. तो निघालेला होता. अकराला त्याच्या शेजारच्या मावशींचा फोन. "अगं, तुझा बाप शाळेच्या कोपऱ्यावर पाण्यात उभा आहे. बोलावून बोलावून थकले, येतच नाही."

त्यांनी फोटो पाठवला. मांड्यांपर्यंत काळं पाणी, मध्ये आडवी धरलेली सायकल, तिच्यावर ती उघडी छत्री, आणि सायकल दोन्ही हातांनी दाबून धरलेला माझा बाप. पाणी त्याच्या पायांपाशी गोल फिरताना दिसत होतं. मी फोटो बोटांनी मोठा केला.

फोन लावला. हँडलवरच्या पाकिटात होता, म्हणून वाजला.

"बाबा, बाहेर नीघ! आत्ताच्या आत्ता!"

"झाकन उघडं हाय गो. सापडत नाय, कुठं सरकवलंय."

"मग कोणालातरी सांग ना!"

"सांगितलं. एक जन लाकूड आनाया गेला, तो गेलाच. खुर्ची ठेवली ती व्हावून गेली. आता शाला सुटल." पाण्याचा आवाज येत होता, बाटलीत ओततात तसा, पण मोठा. "बावटा असता तर रोवून आलो असतो."

दोष द्यायला बोलला नाही तो. नसलेल्या वस्तूबद्दल माणूस बोलतो तसं बोलला. मी पर्स उचलली आणि निघाले.

लोकल गाड्या बंद पडलेल्या. रिक्षा, बस, पायी, असं करत मी तीन वाजता कोपरीला पोचले. बाबा खोलीत बसून सायकलची साखळी पुसत होता. शाळेची शेवटची मुलं गेल्यावर कोणीतरी लोखंडी पिंप आणून तोंडावर ठेवलं, मग हा आला. दोन तासांच्या वर उभा होता. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते आठवत नाही, आठवू नये असंच बोलले. तो ऐकत राहिला आणि मग चहा टाकायला उठला. पायांत मोजे होते. घरात मोजे घातलेला बाबा मी जन्मात बघितलेला नव्हता. मला वाटलं, थंडी वाजत असेल. उलट बरंच वाटलं, की निदान आता जपतोय.

कफ होईल म्हणून मी रोज छातीचं विचारत राहिले. छाती ठणठणीत होती. आठव्या दिवशी ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की पायावर चादर सहन होईना. डोळे लाल झाले. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथली तरुण डॉक्टर तपासता तपासता बोलली, "साचलेल्या पाण्यात गेलेले का? पायाला काही जखम वगैरे?"

मी ठणकावून सांगितलं, "छे! पायाला कव्हरं होती. थेंब लागत नाही."

तिने मोजे काढले.

दोन्ही पायांना घोट्याच्या वर, मागच्या बाजूला, कातडी सोललेली होती. सरळ रेघ, जिथे रबराची कड येते तिथेच. जुनी जखम होती, पुन्हा पुन्हा उघडलेली. दहा मिनिटांत मला जे कळलं नव्हतं, ते त्याला रोज येता-जाता अर्धा अर्धा तास कापत होतं. त्या दिवशी वरून पाणी आत गेलं, आणि आत गेलेलं बाहेर निघायला वाट नव्हती. त्याच पाण्यात त्याचे सोललेले पाय दोन तास होते. डॉक्टरने लेप्टो असं नाव सांगितलं, उंदरांनी मुतलेलं पाणी जखमेतून आत गेलं की होतो तो आजार, किडनीवर गेलंय बोलली, आणि पुढचं बोलायला मला बाहेर नेलं.

मी परत येऊन विचारलं, "बाबा, बोलला का नाहीस रे? काढून टाकायचीस ना ती!"

"तू येवढ्या हौसेनं आनलीस," तो बोलला.

देवा रे, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी उशाशी बसून रडत होते, त्याची लघवी बंद झालेली, डोळे पिवळे. त्याला माझं रडणं सहन होत नसावं. त्याने हात हलवून मला जवळ बोलावलं.

"छत्री बरी हाय गो तुझी. वारा धरते, पन लांबशी दिसते. एक पन पोर जवल आला नाय."

चौथ्या दिवशी बाबा गेला.

सायकल मी डोंबिवलीला आणली. क्लॅम्प गंजलाय, काढवत नाही. कव्हरं कात्रीने कापून टाकली, हाताला फोड येईपर्यंत कापली. आणि या वर्षी पावसाळा लागायच्या आधी मोबाइल टणकन वाजला. 'तुमचा अभिप्राय आणखी काही लोकांना उपयोगी वाटला.' माझे ते पाच तारे तसेच होते तिथे. डोळे झाकून घ्या, असं मीच लिहिलेलं. किती जणींनी आपल्या बापासाठी मागवली असतील कोण जाणे.

तो अभिप्राय पुसला. त्या जागी लिहिलं, 'कड कापते. पाय उघडे करून रोज बघा, विचारू नका.' मग छत्रीच्या पानावर गेले. तिथे मी कधी काही लिहिलेलंच नव्हतं. उपयोग होतो का, असं कोणीतरी विचारून ठेवलेलं, उत्तर कोणी दिलेलं नव्हतं.

मी लिहिलं, 'लांबून दिसते.'