पहिल्या पसंतीचं कॉलेज

शाहूपुरीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी रविवारी सकाळी आई-बापांना फुकट शिकवायचे. पोरांचे प्रवेश नुकतेच ऑनलाइन व्हायला लागले होते आणि ही माणसं कॅफेवाल्यापुढं हात जोडून 'तुम्हीच भरा साहेब' म्हणायची. ते बघून माझं डोकंच फिरायचं. आपल्या लेकराचा फॉर्म आपण भरायला काय धाड भरलीय? मी ओरडायचे, "दाबा की बिनधास्त! काय बाँब फुटत नाही."

त्यात खानावळीत भाकऱ्या करणारी एक बाई होती, सातवी शिकलेली. पहिल्या दिवशी तिनं माऊस उचलून थेट स्क्रीनला टेकवला होता. दोन महिन्यांत ती स्वतःचा पासवर्ड टाकून सराईतासारखी बसायला लागली. मला तिचा फार अभिमान. तिची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला डिप्लोमा करायचा होता. बापानं निक्षून सांगितलं होतं, "कोल्हापुरात मिळालं तर शीक. भाईर पाठवणार न्हाय."

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती प्रिंट नाचवतच आली. "मॅडम, मीच भरलो! कुणाला हात लावू दिलो न्हाय!"

मी कौतुकानं कागद हातात घेतला आणि पसंतीची यादी वाचली. पहिल्या पसंतीला मराठवाड्यातलं कॉलेज, अख्खी रात्र एस.टी.त काढावी लागेल असं. दुसरं विदर्भातलं. कोल्हापूर तिसऱ्या नंबरला.

"अहो मावशी, हे असं का भरलंत?"

"मंडईत जे पायजे त्याला आधी हात लावतंय व्हय कोण?" माझ्या अडाणीपणाला हसत ती म्हणाली. "आधी नको त्याचा भाव इचारायचा. न्हायतर समोरचा वळखतोय, बाई अडलीया."

यंत्राला यातलं काही कळत नाही, पहिलं मागितलेलं मार्कांत बसलं की ते तेच देऊन मोकळं होतं, आणि मग बदल नाही, ते सोडलं तर वर्ष गेलं, हे मी सांगितलं तेव्हा तिनं कागद हिसकून घेऊन कोल्हापूरवर बोट ठेवलं. मला तिचा नाही, माझाच राग आला. क्लिक शिकवलं, पासवर्ड शिकवला, पण पसंतीक्रम म्हणजे काय हे शिकवायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिला स्कूटीवर मागं घातलं आणि प्रवेशाचं केंद्र गाठलं. खिडकीतल्या गृहस्थानं कागद बघितला आणि मान हलवली. "कन्फर्म केलंय, बाई. आता कुणालाच उघडता येत नाही." मी भांडले, हातापाया पडले. त्याचा तरी काय दोष? ती मागं उभी राहून पदरानं नुसता घाम पुसत होती.

यादी लागेपर्यंतचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. अंबाबाईच्या देवळात जाऊन मी काय मागितलं असेल? पोरीचे मार्क त्या लांबच्या कॉलेजला कमी पडू देत! मास्तरीण म्हणवून घेणारी मी, आणि ही माझी प्रार्थना.

कमी पडले नाहीत. पहिलीच पसंती मिळाली.

मी त्यांच्या घरी गेले, सगळं माझ्या अंगावर घ्यायचं ठरवून. बाप दारातच उभा होता. तो गरजला, "कुणी भरला ह्यो फॉर्म?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "मी भरला, आबा." डोळ्यांत पाणी, पण आवाज ठाम. आईचं नाव निघालं तर आईचा रविवार बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ती खोटं बोलतीया," आई चुलीपुढनं उठून पुढं आली. "मी भरलो. माझ्या हातनं चुकलं. पोरगीचं वरीस मी वाया घालवू देणार न्हाय. मी तिच्यासंगट जातो, तिथंच कुठंतरी कामाला लागतो."

बाप नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. मी तिथंच उंबऱ्याजवळ उभी होते. दोघींनी एकमेकींसाठी चूक आपल्यावर ओढून घेतली होती, आणि जिची चूक होती त्या मला अजूनही तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं.