जॉबकार्डावरचा शेरा

भाजीवाल्यापासून गॅस एजन्सीपर्यंत मी सगळ्यांशी भांडलेली आहे. गोंदियातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे कोणतंही बिल हातात आलं की डोळा आधी बेरजेवर जातो. घरच्यांना याचा ताप होतो, दुकानदारांना जरा जास्तच. पण ज्या भांडणाचा मी पुढे पंधरा दिवस स्टाफरूममध्ये तोरा मिरवला, ते मी हरले असते तर फार बरं झालं असतं. ते बाबांच्या गाडीचं भांडण होतं.

बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं. दरेकशाच्या घाटापासून नवेगावच्या जंगलापर्यंत असा रस्ता नव्हता, जिथे त्यांनी कुठल्या ना कुठल्या साहेबाला नेलं नाही. जीप नाल्यात फसली तर चूक ड्रायव्हरची, साहेबाला मीटिंगला उशीर झाला तरी चूक ड्रायव्हरची. बाबा घरी येऊन यातलं काही सांगायचे नाहीत. आईला ते बाहेरून कळायचं आणि मग ती त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, तोही आमच्या स्वयंपाकघरात, साहेबाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

रिटायर झाल्यावर बाबांनी नवी कोरी, पांढरी, लहान गाडी घेतली. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. वरचा मजला बांध म्हणाले. बाबा म्हणाले, "आतापर्यंत साहेबायची चालवली, आता माही चालवतो." आई तोवर गेली होती. तिला एकदाही त्या गाडीत बसता आलं नाही, याचं दुःख बाबांना होतं, पण ते बोलून दाखवायचे नाहीत. ते कोहमाऱ्याजवळच्या गावात एकटे राहायचे. दर रविवारी गाडी काढून माझ्याकडे यायचे. दसऱ्याला गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना भरून नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचे. ती गाडी नसती तर बाबा ओट्यावर बसून राहिले असते. एवढं मला कळत होतं.

त्यांची एक सवय होती. गाडीत बसताना दोन्ही चपला काढून सीटखाली सारायचे आणि अनवाणी चालवायचे. नोकरीत सरकारी बूट होते. "बुटात गाडी समजत नाही गा," असं ते माझ्या नवऱ्याला सांगायचे, "पायानं तिचं मन समजलं पायजे." आम्ही हसायचो. स्वतःच्या गाडीत चपला घालून बसणं त्यांना उंबरठा ओलांडून चपलेनिशी विहारात गेल्यासारखं वाटत असावं.

गाडीला दोन वर्षं झाली आणि क्लच प्लेट जळाली. गोंदियाच्या शोरूमला नेली, बदलून घेतली. सहा महिन्यांत पुन्हा तेच. चढावर गाडी नुसती आवाज करायची आणि पुढे सरकायची नाही. त्या वेळी बाबांनी सकाळी गाडी शोरूमला दिली आणि दुपारी शाळेतून अर्धी रजा टाकून मीही तिथे पोचले. एप्रिल महिना होता.

काउंटरवरच्या पोरसवदा सल्लागाराने कागद पुढे सरकवला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, क्लचमागचं फ्लायव्हीलचं चाक घासल्याचे पैसे, मजुरी. खाली जॉबकार्डावर शेरा होता: चालकाची चूक. मी विचारलं, हे काय आहे? तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, अंकलजी आधे क्लच पे गाडी चलाते हैं. पैर पेडल से हटाते ही नहीं. इसमें कंपनी क्या करेगी?"

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी बाहेर चहा पेतो, बाई. तू पाहून घे." आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, पुन्हा चूक ड्रायव्हरची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्याची जीप डोंगरातून नेली, त्याला हा कालचा पोरगा क्लच शिकवणार?

मी बिलाला हात घातला. फ्लायव्हील कुठे घासलं, मशीन दाखवा म्हटलं. वर्कशॉपमध्ये तसलं मशीनच नव्हतं. मग म्हणे, बाहेर लेथवर पाठवलं होतं. लेथवाल्याची पावती दाखवा. पावती नव्हती. फ्लायव्हील काढून दाखवा म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम खाली आला. ते घासलेलंच नव्हतं. न केलेल्या कामाचे पैसे लावले होते. झालं, मला शीत सापडलं होतं आणि त्यावरून मी सगळ्या भाताची परीक्षा करून टाकली. बिल खोटं, तर निदानही खोटं. मी मॅनेजरला बोलवायला लावलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि मला ते आवडत होतं.

तेवढ्यात आतून एक म्हातारा मेकॅनिक आला. एका हातात जळालेली प्लेट, दुसऱ्या हातात बाबांची डावी चप्पल. हळूच म्हणाला, "मॅडम, बिलाचं मले माहीत नाही. पण प्लेट खोटी नाही. काकाजीचा पाय पेडलवरच राहून राहिला. त्यायले पाय ठेवला हेच मालूम नाही पडून राहिलं. हे पाहा, चप्पल सीटखालीच राहिली. एकच घालून उतरले."

त्याने मला सगळं सांगितलं होतं. याहून सोपं करून कोणी काय सांगणार? बाबांना शुगर होती, दहा वर्षांपासून गोळ्या चालू होत्या, हे मला ठाऊक होतं. पण मी तेव्हा मॅनेजरकडे बघत होते. मी त्या माणसाला म्हटलं, "आता चपलेचेही पैसे लावता का बिलात?" हॉलमधले दोघे-तिघे हसले. म्हाताऱ्याने चप्पल काउंटरच्या कडेला ठेवली आणि आत गेला.

मॅनेजरने फ्लायव्हीलचे पैसे काढले, मजुरी अर्धी केली. मी म्हटलं, एवढ्यावर भागणार नाही, तो शेराही खोडा. त्याने पेनाने आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

बाहेर आले तर बाबा रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उन्हात उभे. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा, आणि खाली तापून मऊ झालेलं डांबर. मी चप्पल त्यांच्यासमोर टाकली आणि म्हटलं, "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" त्यांनी पायाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चप्पल घातली. मी त्यांना घाईघाईने शेरा खोडलेला कागद दाखवला. ते हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी परीक्षेत पहिली आले होते तेव्हा ठेवला होता तसा.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, बरं नाही वाटत, ऊन फार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत, तेव्हा मी बस धरून गावी गेले. बाबा खाटेवर बसले होते. डाव्या पायाला जुनं धोतर फाडून गुंडाळलं होतं. "काटा रुतला," म्हणाले. मी फडकं सोडलं. तळव्याचे फोड फुटून जखम आत गेली होती आणि दोन बोटं काळी पडली होती. आणि बाबांना दुखत नव्हतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

नागपूरला नेलं. डॉक्टरांनी पायाला टाचणी लावून पाहिली, मग जरा वर, मग आणखी वर. बाबा खिडकीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मला विचारलं, यांच्या पायाची जाणीव कधीपासून गेली आहे? चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही का? मी म्हटलं, माहीत नाही. खरं तर एका मेकॅनिकला माहीत होतं आणि त्याने ते सगळ्यांसमोर मला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला.

लोक समजूत घालतात. शुगर आहे, आज ना उद्या झालंच असतं, म्हणतात. असेलही. पण त्या दिवशी मी गप्प बसून एका माणसाचं ऐकलं असतं, तर त्याच दुपारी बाबांना दवाखान्यात नेलं असतं आणि फोडावर औषध लागलं असतं. हे गणित मी अनेकदा मांडून पाहिलं आहे. उत्तर बदलत नाही.

बाबांना मी माझ्याकडे गोंदियाला आणलं. गाडी विकली. ज्या दिवशी गाडी नेली, त्या दिवशी ते बाल्कनीत आले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या पायाची पट्टी बदलत होते, तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून समजत होतं? पाय बधिर झाला आहे हे?"

"साल झालं असंल."

"मग काऊन नाही सांगितलं मला?"

"सांगतलो असतो तं तू चाबी घेतली असती."

मी खरंच घेतली असती. पट्टीचा शेवटचा वेढा घातला आणि टोक चिकटवलं. मग बाबाच बोलले.

"त्या दिवशी शोरूममंधी सांगणार होतो. चहा पेऊन वापस आलो होतो दारापाशी. तो मिस्त्री खरंच बोलून राहिला होता. पण तू भांडून राहिली होती, माह्यासाठी. बत्तीस साल गाडी चालवली, बाई. कोणी नाही भांडलं माह्यासाठी. मनलं, आयकू दे थोडं अजून. आन् मंग बाहेर जाऊन उभा राहिलो."