गुणाजी आणि बिनक्लचची गाडी

नंदकिशोर धुरंधरांनी आयुष्यात एकदाच मोटार चालवली, तीही जेमतेम दोन हात, आणि तेवढ्यात गुणाजी परबचा डावा पाय मोडून ठेवला.

साल सत्तावन्न. धुरंधरांची गाडी लढाईच्या आधीची, छोटी, विलायती. थंडीच्या दिवसांत ती बटण दाबून उठत नसे. मालकांनी आत बसून चोक ओढायचा आणि ड्रायव्हरने पुढे वाकून हँडल मारायचं, अशी कामाची वाटणी होती. हँडल मारताना गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर इंजिन जागं होताच ती पुढे उडी घेते. आणि पुढे तर ड्रायव्हर उभा. म्हणून गुणाजीने एक रिवाज पाडला होता. तो मालवणकडचा. देवळात गाऱ्हाणं घालताना एकाने देवाला विनवायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' करायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. गिअरचा दांडा मोकळा आहे ना, याची खात्री करायला तो हँडल खोचून विचारायचा, "न्यूटल आसा?" आणि आतून सायबाने उत्तर द्यायचं, "व्हय म्हाराजा." तेवढं ऐकल्याशिवाय गुणाजी हँडलला जोर लावत नसे. चार वर्षं हे गाऱ्हाणं अंधेरीच्या त्या आवारात रोज सकाळी व्हायचं. शेजारच्या नलिनीताई म्हणत, ह्यांची गाडी पेट्रोलवर नाही, नवसावर चालते.

त्या दिवशी गुणाजी हँडल आणायला मागे डिकीकडे गेला. नंदकिशोर स्टिअरिंगवर एकटेच. आपल्यालाही गाडी येऊ शकली असती, असं प्रत्येक मालकाला वाटतं. त्यांनी हळूच क्लच दाबला, दांडा पहिल्यात टाकला, दुसऱ्यात टाकला, परत पहिल्यात टाकला आणि मनातल्या मनात खंडाळ्याचा घाट चढून आले. मग आरशात टाय सारखा करू लागले. पुढून सवाल आला. टायवरची नजर न काढता त्यांनी जबाब दिला, "व्हय म्हाराजा."

गाडी कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेली. मध्ये गुणाजीचा पाय होता.

घाबरून त्यांनी दांडा ओढून न्यूट्रलला आणला. का आणला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तोवर त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई धावत आल्या. गुणाजी जमिनीवर बसून पाय धरून होता. त्याने त्यांना सांगितलं, "काल रातीक मीच गिअरात ठेवलंय, वयनीनू. माझीच चूक."

नंदकिशोरांनी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं. पण मृणालिनीबाई म्हणाल्या, "बघत काय बसलात, पाणी आणा," आणि ते पाण्याला गेले. तांब्या भरून येईपर्यंत टॅक्सी आली होती, माणसं जमली होती आणि खरं सांगायची वेळ निघून गेली होती. ते तांब्या घेऊन उभे राहिले. शेवटी पाणी त्यांनीच प्यायलं.

दैवाची थट्टा अशी की नंदकिशोरांची नोकरी एका विमा कंपनीत, मोटार अपघातांचे दावे तपासायची. चूक कोणाची हे दिवसाला पाच-सहा वेळा ठरवायचं आणि खाली सही करायची. आता 'चालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द लिहिताना टाक अडखळू लागला. त्या महिन्यात त्यांच्या टेबलावरून एकही ड्रायव्हर दोषी ठरला नाही. एका दाव्यात तर त्यांनी सगळा दोष म्हशीवर टाकला.

घरीही पंचाईत. 'व्हय'च काय, साधं 'हो' म्हणायचीही त्यांना धास्ती बसली. बाईंनी विचारलं, दार लावलंत ना, की ते उठून दार बघून यायचे. चहात साखर आहे ना, तर आधी ढवळून, मग चाखून, मग उत्तर.

दर रविवारी ते वाकोल्याला गुणाजीच्या खोलीवर जात. पायाच्या दुखण्यावर बोकडाच्या पायाचं सूप चांगलं, असं कोणीतरी सांगितलं म्हणून डबाभर सूप नेत. गुणाजीची बायको जानकी ते कौतुकाने ठेवून घेई. पुढे कळलं की गुणाजी माळकरी, सूप शेजारी पीत आणि नंदकिशोरांना दुवा देत. गुणाजी खाटेवर बसून गाडीचीच चौकशी करायचा. ती कशी आहे, तिला ऊन लागत नाही ना, टायरात हवा आहे ना. गाडीला तो नेहमी 'ती' म्हणे, घरातल्या मुलीबद्दल बोलावं तसा. चालवताना गिअर मोठ्याने मोजायचा: पयलो, दुसरो, तिसरो. गाईला आणि म्हाताऱ्या बाईला त्याने कधी हॉर्न दिला नाही. थांबायचा आणि मागच्या सीटवरच्या सायबालाही थांबायला लावायचा. असा माणूस खाटेवर, आणि आपण मोसंबी सोलतोय. नंदकिशोर एवढी मोसंबी सोलत की जानकी म्हणायची, पुरे आता, सायबानू.

अडीच महिन्यांनी प्लास्टर निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय बसला, पण सांभाळा. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय, आणि जुन्या गाडीचा क्लच म्हणजे पाटा सरकवण्यासारखं काम. मृणालिनीबाईंचे भाऊ चंद्रप्रकाश यांनी एका वाक्यात निकाल दिला: गाडी बदला आणि ड्रायव्हरही बदला. गाडी बदलायची हे घरात आधीच ठरलं होतं. दुसऱ्या गोष्टीवर नंदकिशोर जेवण अर्धं टाकून उठले.

पुढे दोन गाड्या आल्या, दोन्ही छोट्या, दोन्ही चांगल्या. एक कुर्ल्याच्या डॉक्टरांची, नेहमीची, क्लच-गिअरवाली. दुसरी मुलुंडला एका पारशी इंजिनिअरकडे. ते मुलाकडे कायमचे विलायतेला चालले होते. त्यांच्या गाडीत गिअरचा दांडा होता, पण क्लचचं पेडल नव्हतंच. दांड्याला हात लावला की आतलं यंत्र क्लचचं काम आपलं आपण करी. डाव्या पायाला काहीच काम नाही.

मृणालिनीबाईंचा कौल कुर्ल्याच्या गाडीला. बिघडली तर कुठलाही मिस्त्री उघडेल. ती दुसरी बिघडली तर काय मुलुंडच्या पारशाला विलायतेहून बोलवायचं? बोलणं बिनतोड होतं. नंदकिशोरांनी तरी उलट बाजू लढवली. नवं यंत्र, पुढचा जमाना, पेट्रोलची बचत. पेट्रोल उलट जास्त लागतं, हे त्यांना माहीत होतं. खरं कारण एकच, ते तोंडावाटे बाहेर येईना. मुलुंडची गाडी घेतली तर गुणाजी राहील. कुर्ल्याची घेतली तर गुणाजी जाईल, आणि जाईल तो माझी चूक स्वतःच्या नावावर लावून.

शेवटी बाई म्हणाल्या, चालवणार तो, त्यालाच विचारा.

गुणाजी काठी टेकत मुलुंडला आला. पेडलं बघितली, दांडा हलवून बघितला, बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घातलं. नंदकिशोर घाम पुसत उभे. त्यांना वाटलं, हा आता पायाला किती आराम पडेल ते विचारणार. गुणाजीने पारशीबाबांना एकच प्रश्न विचारला: हँडल मारताना गाडी चुकून गिअरात राहिली तर?

पारशीबाबा हसले. ते म्हणाले, अरे बाबा, इंजिन जरा जोरात फिरल्याशिवाय हिचा क्लच पकडतच नाही. गिअरात ठेवून हँडल मार नि समोर उभा राहून बिडी ओढ, जागची हलणार नाही.

गुणाजीने बॉनेट खाली सोडलं. "हीच घेवा," तो म्हणाला.

परतीच्या टॅक्सीत गुणाजी पुढे बसला, नंदकिशोर मागे. बिचारा, त्यांच्या मनात आलं, पायाने इतका हरला की नव्या यंत्राला पाच मिनिटांत शरण गेला. एकेकाळी मिस्त्रीलाही बॉनेटला हात लावू न देणारा हा माणूस. आणि अपघाताची भीती किती खोल बसलीय. पहिला प्रश्न तोच. ती भीती कोणी घातली, याचं उत्तर मागच्या सीटवर बसलं होतं.

आठवड्याभराने गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी वाकोल्याहून वेळेवर हजर. काठी दिसली नाही. नंदकिशोरांनी काळजीने विचारलं, तर म्हणाला, पोर खेळता घरात तिच्याशी, चार दिवस झाले. मग म्हणाला, बटणाने चालू होईल, पण पहिल्या दिवशी हिला हँडलच मारायचं. नव्या सुनेला घरचा रिवाज कळायला हवा.

नंदकिशोर आत बसले. समोर काचेतून खाकी टोपी खाली गेली.

"न्यूटल आसा?"

दांडा न्यूट्रललाच होता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, हाताने हलवून पाहिलं, परत पाहिलं. तोंडातून 'व्हय' काही निघेना. टोपी वर आली. गुणाजी वाट बघत उभा राहिला. वरच्या गॅलरीत मृणालिनीबाई होत्या, कुंपणापलीकडे नलिनीताई होत्या. पूर्वी एवढ्या माणसांपुढे ते पाणी आणायला गेले होते.

या खेपेला ते दार उघडून खाली उतरले आणि गाडीला वळसा घालून गुणाजीपुढे येऊन उभे राहिले.

"गुणाजी, अपघाताच्या आदल्या रात्री तू गाडी न्यूट्रललाच ठेवली होतीस. तू डिकीकडे गेलास तेव्हा दांडा मी हलवला. आणि न बघता व्हय म्हाराजा म्हटलं. तुझा पाय मी मोडला. आणि तीन महिने तोंडातून ब्र काढला नाही."

हे सगळं ते वर गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. गॅलरीत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

गुणाजीने खांद्यावरचं फडकं काढलं, हँडलची मूठ पुसली, डावा पाय भिंतीच्या बाजूला भक्कम रोवला आणि वाकता वाकता म्हणाला,

"माका तेव्हाच म्हायत होता सायबानू, म्हणान तर तुमका ही गाडी घेवक लावलंय."