मुलाण्याच्या मेजूचा हात

दस्तगीर मुलाण्याच्या हाताला कापरं भरलंय, हे त्याच्या घराबाहेर कुणालाच ठाव नव्हतं. ठाव होऊ नये म्हणून घरातली तिघंही जपून वागत होती. चहाचा कप तो डाव्या हातानं उचलायचा. चावडीपुढं बसला की उजवा हात मांडीखाली दाबायचा. कुणी तंबाखू मळायला पुढं केली तर म्हणायचा, "सोडली बाबा मी." आणि सगळी म्हणायची, मुलाणी देवमाणूस झाला.

निपाणीपासनं जवळच त्याचं गाव. मुलाणी म्हणजे यात्रेला बकरं कापणारा. देव हिंदूंचा, बकरं हिंदूंचं, खाणारी तोंडंही हिंदूंचीच, पण सुरी मुलाण्याची. त्यानं बिस्मिल्ला म्हणून कापल्याबिगर आमच्याकडच्या जुन्या घरांत मटण चुलीवर चढत नाही. का, म्हणून विचारलं तर कुणी धड सांगणार नाही. बापजाद्यापास्नं हाय, एवढंच. दस्तगीरकडं आसपासची गावं होती आणि नाक्यापल्याड, कागलच्या अंगाला, भैरेवाडी होती. राज्यं दोन झाली तरी सुरी एकच राहिली.

गेल्या थंडीत त्याच्या अंगावरनं वारं गेलं. तोंड वाकडं झालेलं सरळ आलं, पाय चालाय लागला, हात तेवढा मागं राहिला. तवापास्नं गिऱ्हाइकाची कोंबडी आली की घरामागच्या परड्यात पोत्याच्या आडोशाला मेजू कापायची आणि बाप बाहेर येऊन द्यायचा. मेजू म्हणजे मेहजबीन, त्याची एकुलती एक पोरगी. निपाणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. हाडापेरानं काटकुळी, बोलायला कमी, आणि भित्री. पाल दिसली तरी खाटेवर चढणारी. पण सुरी हातात आली की हात असा थांबायचा की जणू दुसऱ्या कुणाचा हाय.

बापानं तिला तीनच गोष्टी शिकवलेल्या. जनावराला पाणी पाजायचं. सुरी त्याला दिसू द्यायची न्हाई. आणि एकदा टेकवली की काम झाल्याबिगर उचलायची न्हाई. उचलली तर ते मटण वाया. कुणी खायचं नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीचंच त्या घराला भ्या बसलं होतं.

वैशाखात भैरेवाडीच्या नागुबाईचा फोन आला. मरगूबाई देवीची यात्रा. म्हातारी दस्तगीरपेक्षा वयानं बरीच मोठी, त्याला पोरासारखं बोलायची.

"दस्तगिऱ्या, मंगळवारी ये. बकरं धरलंय."

"येतो की, आक्का."

"येतो की न्हवं, ये. हितं काय काय बोलाय लागल्यात पोरं. त्येंचं ऐकून घरात बसशील."

पोरं काय बोलत होती ते दस्तगीरला ठाव होतं. सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होतं. औंदा यात्रेत मुलाणी नको, आपलं आपण कापूया. एका गावात मुलाण्याच्या गाडीची हवा सोडलेली, दुसऱ्या गावात त्याला वेशीवरनंच माघारी लावलेलं. इकडं मशिदीत नवे आलेले मौलाना वेगळंच म्हणायचे, देवीच्या बकऱ्याला हात कशाला लावता? दोन्हीकडनं ओढ बसल्यावर मधलं माणूस काय करणार? दस्तगीर दोघांनाही मान हलवायचा.

त्या रात्री जेवताना बायको जुलेखाबी म्हणाली, "नक्को जाव जी. हात थरथरतै तुमारा. सुरी उचली तो क्या करींगे वो लोगां?"

सुरी उचलली तर बकरं वाया. बकरं वाया गेलं तर देवी कोपली. आणि देवी कोपली तर औंदा कुणामुळं, हे सांगायला पोरं तयारच बसलेली. हे सगळं ती बोलली नाही.

"गेलो न्हाई तर म्हणतील भ्यालं," दस्तगीर म्हणाला.

"भ्यालोच हाय की आपुन," मेजू म्हणाली. मग ताटाकडं बघत म्हणाली, "मी येतो संगट."

मंगळवारी सकाळी बाप-लेक निपाणी स्टँडवर एसटीत बसली. सुरी तिच्या कॉलेजच्या पिशवीत, झूलॉजीच्या पुस्तकाखाली, आज्ज्याच्या वेळच्या हिरव्या फडक्यात गुंडाळलेली. निवडणुकीचे दिवस. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली आणि खाकी कपड्यातला एकजण आत चढला. पिशव्या उघडून बघत बघत तो मागं यायला लागला. मेजूनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. यात्रेची सुरी हाय, म्हणून सांगता येईल. पण कोण ऐकून घेणार? दाढीवाला बाप, ओढणीतली पोरगी, पिशवीत हातभर सुरी. फोटो आधी निघतो, आणि ऐकून घ्यायची पाळी मग येते.

"यल्लिगे?" कुठं निघालास, म्हणून त्यानं दस्तगीरला विचारलं.

"जात्रेगे री," दस्तगीर कानडीत म्हणाला. उजवा हात मांडीखाली.

"हात का लपवलाय? वर काढ."

दस्तगीरनं हात वर काढला. तो पानासारखा हलत होता. खाकीवाल्यानं त्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. "माझ्या बापाला पण असंच झालंय," असं मराठीत पुटपुटला आणि मेजूच्या पिशवीवर नुसता हात ठेवून पुढं गेला. पुस्तकं लागली असतील. गाडी हलली तरी मेजूला पिशवीचा बंद सोडवेना. बोटं बंदाला चिकटून बसलेली.

भैरेवाडीत हलगी वाजत होती. नागुबाईच्या दारात मांडव, मांडवात पाव्हणं आणि कट्ट्यावर पोरं. काही गावातली, काही बाहेरची. त्यात एक गॉगल घातलेला, मोबाईल हातात धरूनच आलेला. त्याला गावातलं कुणी ओळखत नव्हतं, तरी सगळे त्याला जागा देत होते. मुलाणी आला म्हटल्यावर बोलणं थांबलं. नागुबाईचा नातू सौरव तेवढा पुढं आला. "आलासा, मामा? या या. मेजूआक्का पण आली व्हय? मटण खायला?"

"व्हय," मेजू म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

बकरं देवीपुढं उभं केलं. सौरवनं घरची यात्रा म्हणून मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. आमच्याकडं बकरं असंच कापत नाहीत. त्याच्या अंगावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. बकऱ्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं मानलं. झाडलं नाही तर कापायचं नाही, सकाळची संध्याकाळ होऊ दे.

नागुबाईनं पाणी शिंपडलं. बकरं उभं. पुन्हा शिंपडलं. बकरं गवताची काडी चघळत उभं.

कट्ट्यावरचा गॉगलवाला म्हणाला, "देवीला पटंना झालंय बघा. कापणारं माणूस बघून."

एकदोघे हसले. परशराम, म्हातारीचा थोरला पोरगा, खाली बघाय लागला. त्याला आईपुढंही बोलता येत नव्हतं आणि पोरांपुढंही. दस्तगीर गुडघ्यावर बसलेला, सुरी फडक्यात धरून. फडकं हलत होतं. मेजू मागं उभी राहून ते बघत होती. तिचे पाय लटलट कापत होते. परशरामच्या कपाळावर घामाचे थेंब थरथरत होते. बकरं सोडून तिथं सगळं थरथरत होतं.

"बकरं कसलं धरलंय, दगूड हाय," नागुबाई म्हणाली. अख्खा तांब्या बकऱ्याच्या डोक्यावर ओतला. बकऱ्यानं शिंगापासनं शेपटापर्यंत अंग झाडलं, म्हातारीच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले. "हां! मानलं बाईनं. मुलाण्या, उरक."

दस्तगीरनं फडकं सोडलं. सुरीचं पातं उन्हात चमकलं आणि ती चमक समोरच्या भिंतीवर नाचायला लागली. सगळ्यांनी ती बघितली. भिंतीवर चुळबुळत हलणारा उजेडाचा तुकडा. दस्तगीरनं डावा हात उजव्यावर धरला. उजेड नाचायचा थांबेना.

"मुलाण्याचा हात बघा की!" कुणीतरी म्हणालं.

दस्तगीरनं मागं वळून पोरीकडं बघितलं. काही मागितलं नाही, नुसतं बघितलं. मेजू कशी पुढं गेली ते तिला आजही सांगता येत नाही. बापाच्या हातातनं सुरी घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि गुडघ्यावर बसली. भिंतीवरचा उजेड थांबला.

"ए, ए! पोरगी?" एक म्हातारा उठला. "बाईमाणसानं कापल्यालं देवीला चालतंय व्हय?"

नागुबाई गर्रकन फिरली. "मरगूबाई काय बाप्या हाय व्हय रं? बस खाली!"

"बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर," मेजूचा आवाज इतका बारीक आला की तो बकऱ्यालाच ऐकू गेला असेल. सुरी टेकली. काम झाल्यावरच उचलली.

मांडवात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका पातेली घेऊन धावल्या, परशराम सोलायला बसला, हलगी वाजायला लागली. मेजू हौदावर जाऊन हात धुताना ओकली. नागुबाई मागनं आली, पाठीवर एक रट्टा ठेवून दिला. "बापाचं असं झालंय तर सांगायचं न्हाईस? मी काय परकी हाय?" एवढं बोलून पातेल्याकडं गेली. मुलाण्याचा वाटा, मुंडी आणि एक मांडी, सौरवनं पिशवीत बांधून दिला. मेजूला वाटलं, सुटलो.

परतीच्या गाडीत सौरवचा फोन आला. "मेजूआक्का, स्टेटस बघू नगंस."

बघू नगंस म्हटल्यावर कोण बघायचं राहतं? तिनं मोबाईल उघडला. गॉगलवाल्यानं काढलेला व्हिडिओ. त्यात बकरं नव्हतं, नागुबाई नव्हती, देवी नव्हती. नुसती ओढणी खोचलेली एक पोरगी, हातात रगत लागलेली सुरी, आणि तिचं तोंड. खाली लिहिलेलं, बघा, पोरींना काय शिकवत्यात. कॉलेजच्या ग्रुपवर तो आधीच आलेला. मेजूनं मोबाईल पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा ठेवला.

नाक्यावर गाडी थांबली. खाली दोन खाकीवाले एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी बघत होते. काय बघत होते कुणाला ठाव. क्रिकेटही असेल. मेजूनं ओढणी पुढं ओढली आणि गाडी हलेपर्यंत मान वर केली नाही.

घरात गेल्या गेल्या जुलेखाबीनं कडी लावली. सुरी तांदळाच्या डब्यात तळाला पुरली. दस्तगीर अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडला. मेजू कॉलेजला गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला की तिघं जागच्या जागी थांबायची, आवाज पुढं गेला की पुन्हा हलायची. गावातलं कुणी फिरकलं नाही. वाईट बोललं नाही कुणी, पण चांगलं बोलायलाही कुणी आलं नाही. कोंबडी घेऊन येणारं गिऱ्हाईकही बंद. व्हिडिओ कुठवर गेला ते कळायला मार्ग नव्हता. मेजूनं मोबाईल बंद करून उशीखाली ठेवलेला, आणि बंद मोबाईलचंही तिला भ्या वाटायचं.

तिसऱ्या सकाळी दार वाजलं.

हळू नाही. धाडधाड. जुलेखाबीनं मेजूला परड्याकडं ढकललं, "पिछूसे भाग." दस्तगीर उठला आणि दारापुढं उभा राहिला. थरथरता हात पुढं केलेला, जणू त्याच हातानं दार धरून ठेवणार होता.

"अगं ए जुलेखा! मेलासा का काय सगळी?"

यशोदाबाईचा आवाज. वरच्या आळीची, पाटलाच्या भावकीतली. जुलेखाबीनं फटीतनं बघितलं. यशोदाबाईच्या काखेत लाल कोंबडी, पाय बांधलेली, तीही ओरडत होती.

दार उघडलं. यशोदाबाई उंबऱ्यातच म्हणाली, "जावई आलाय. दोन दिवस तुमचं दार बंद बघून माघारी गेलो. आज त्येला पिठलं घालू व्हय? पोरगी कुठं हाय?"

"पोरगी?" दस्तगीर म्हणाला.

"मग काय तुझ्या हातानं कापतोस? अख्ख्या मुलखानं बघिटलं की भिंतीवर काय नाचत होतं ते. भैरेवाडीच्या सौरव्यानं सगळा व्हिडिओ टाकलाय, पाणी शिंपडल्यापासनं. माझ्या जावयानं बघून मलाच विचारलं, ही तुमच्याच गावची न्हवं? मी म्हटलं, व्हय बाबा, आमचीच. सुरी कुठं हाय?"

जुलेखाबी तांदळाचा डबा उपसायला लागली. यशोदाबाई बघत राहिली. "तांदळात? बरं हाय बाई, बिर्याणी करणार व्हतीस काय सुरीची?"

मेजू परड्यातनं आत आली. तिचे पाय अजून पळायच्या तयारीत होते. तिनं कोंबडी घेतली, पाण्याची वाटी तिच्यापुढं धरली. मग यशोदाबाईच्या कमरेकडं बघितलं. तिथं मोबाईल खोचलेला होता.

"मावशी, त्यो मोबाईल आत ठेव."

"त्यो काय करतोय तुला?"

"आत ठेव, मगच कापतो."

यशोदाबाईनं कुरकुर केली, पण मोबाईल जुलेखाबीच्या हातात दिला.

मेजूच्या कॉलेजचं आता शेवटचं वर्ष हाय. बापाच्या सगळ्या गावांत तीच जाते, नाक्यापल्याडही. दस्तगीर संगट असतो, मांडवात बसून चहा पितो, उजवा हात आता मांडीवर उघडा ठेवून. काही गावांनी बोलवायचं बंद केलं. काहींनी नव्यानं सुरू केलं. भैरेवाडीत तो गॉगलवाला परत दिसला नाही, पण मेजू दर वर्षी कट्ट्यावरची तोंडं आधी बघून घेते.

मांडवात गेली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मोबाईल आत ठेवा." पोरं हसतात, म्हाताऱ्या दटावतात, मोबाईल आत जातात. एखादा खिशात राहिलेला असणार, हे तिला कळतं. सुरी फडक्यातच धरून ती बकऱ्यानं अंग झाडायची वाट बघते. बकऱ्यानं झाडलं, की मगच बिस्मिल्ला म्हणते.