पर्समधला रिले

माझं तोंड कधी बंद नसतं, बहादरपुरात कुणालाही विचारा. सासूबाई म्हणतात, ही झोपेतसुद्धा वर्ग घेते. तर अशी मी बाई — आणि एक गोष्ट मात्र इतकी वर्षं दातांमागे धरून बसले आहे. नवऱ्याला सांगितली नाही. माहेरी आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढी बाजूला ठेवते आणि बाकीचं बोलते. तुम्हाला सांगायला सोपं आहे असं नाही. पण सांगते.

माझं माहेर रावेरचं. वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि शाळा सुटली की मी तिथेच. इतर मुली रांगोळी शिकल्या, मी टेस्टर धरायला शिकले. लग्न होऊन बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात आले, तुकईथडच्या बाजूला शाळेत नोकरी लागली, पुढे जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. बिघडली की बॉनेट मीच उघडायची. गल्लीतले लोक उभे राहून बघायचे. माझा दीर दिनेश मला 'मेकॅनिक वहिनी' म्हणायचा, आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं. त्या नावाचा मला माज होता. तो माज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिनेश म्हणजे यांचा धाकटा भाऊ. घरची केळी तोच पाहतो. बोलणं कमी, काम जास्त, आणि हात स्टिअरिंगवर असा बसलेला की गावात कुणाची वरात असो, नवरदेवाची गाडी चालवायला दिनेशच पाहिजे. म्हातारी माणसं दवाखान्यात न्यायची, तरी त्यालाच हाक. चालव म्हटलं की चालला. कधी कुणाला धक्का नाही, ओरखडा नाही.

आता त्या जानेवारीकडे येते. यायलाच पाहिजे — नाहीतर मी अशीच माहेरचं सांगत बसेन.

शाळेच्या वाटेवर एका वळणाला देवीचं ठाणं आहे. दगडाला शेंदूर, वर टिनाचा पत्रा. तिथे हॉर्न दिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ट्रकवाला असो की बाइकवाला, पी करून देवीला सांगायचं आणि मग वळायचं. एका सकाळी मी तिथे हॉर्न दाबला आणि तो वाजला नाही. पाहिलं तर रिले गेलेला. रिले म्हणजे एक काळी डबी, काडेपेटीपेक्षा लहान, खाली पाय. ती करंट जोडते आणि तोडते, बाकी काही नाही. माझ्या गाडीत हॉर्नचा रिले आणि इंजिन गार करणाऱ्या पंख्याचा रिले अगदी एकसारखे, शेजारी शेजारी. मी काय केलं — पंख्याचा उपटला आणि हॉर्नला लावला. पी वाजलं. देवीला नमस्कार केला आणि निघाले.

थंडीचे दिवस. गाडी पळती असली की समोरच्या वाऱ्यानेच इंजिन गार राहतं, पंखा लागतो तो गाडी उभी राहिली की, नाहीतर एसी लावला की. हे मला पाठ होतं. आमच्याकडच्या रस्त्यावर पंखा नसला तर निभतं, हॉर्न नसला तर बकरी अंगावर येते. आठवडाभरात बुऱ्हाणपूरला गेले तेव्हा नवा रिले घेतलाही. पर्समध्ये टाकला. टिकल्यांचं पाकीट, खडूचे तुकडे, किल्ल्या — त्यांच्यात. लावायला किती वेळ लागतो? पाणी प्यायला लागतो तेवढा. आज लावू, रविवारी लावू, असं करत होळी गेली. मी एसी लावत नव्हते, फाटकाला थांबले की इंजिन बंद करत होते, काट्यावर डोळा ठेवत होते. माझं चाललं होतं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गाडी अंगणात उभी राहिली.

मे महिन्यातल्या एका दुपारी आबा, म्हणजे माझे सासरे, ताटावरून उठता उठता एका बाजूला कलंडले. तोंड वाकडं झालं. हे कामाला खंडव्याला गेलेले. माझ्याच गाडीने बुऱ्हाणपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, लकवा आहे, लगेच जळगावला न्या, एक इंजेक्शन असतं, पण ते वेळेत मिळालं तरच उपयोग. अँब्युलन्सची वाट कोण बघणार? माझी गाडी होती ना. दिनेश आणि त्याची बायको आबांना घेऊन निघाले. किल्ली मी माझ्या हाताने दिली. वर म्हणालेसुद्धा, एसी लाव, आबांना ऊन सोसणार नाही.

तुम्ही विचाराल, तेव्हा आठवलं नाही का? नाही. किल्ली देताना नाही आठवलं, देवाशपथ. पण सासूबाईंना घेऊन ऑटोने घरी परतले, पर्स खाली ठेवली — आणि आठवलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. इथपर्यंत विसरभोळेपणा आहे, तो कुणाच्याही हातून होतो. याच्या पुढचं तसं नाही.

फोन माझ्या हातात होता. दोन वाक्यं बोलायची होती. एसी बंद कर, गाडी थांबली तर इंजिनही बंद कर. तो हुशार, का म्हणून विचारलंही नसतं. मग मी का नाही बोलले? सासूबाई शेजारी बसल्या होत्या, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर मेकॅनिक वहिनी सांगणार की पेशंट ज्या गाडीत घातला, त्या गाडीचा पंखा चार महिने बंद आहे? मी मनाशी म्हटलं, हायवे आहे, गाडी पळतीच राहील. काही होत नाही. आणि फोन ठेवून सासूबाईंना पाणी दिलं.

सावद्याच्या अलीकडे केळीचा ट्रक आडवा झाला होता. दोन्हीकडे गाड्यांची रांग. वर ऊन, आत एसी, इंजिन चालू, आणि दिनेशचं लक्ष काट्याकडे कुठलं असणार — तो आबांच्या तोंडाकडे बघत होता. बॉनेटमधून वाफ आली तेव्हाच त्याला कळलं. रस्ता मोकळा झाला आणि आमची गाडी तिथेच मेली. दुसरी गाडी मिळेपर्यंत तो रस्त्यात हात जोडून उभा होता. हे त्याच्या बायकोने सांगितलं, तो कधी बोलला नाही. जळगावला पोचले तेव्हा इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. आबा वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

गाडी ओढून बुऱ्हाणपूरच्या गॅरेजमध्ये लावली होती. मिस्त्री उघडायच्या आधी मी तिथे पोचले. आबांचा चष्मा गाडीत राहिलाय, असं सांगितलं. चष्मा खरंच होता, मागच्या सीटवर, एक काडी दुमडलेला. तो घेतला. मग बॉनेट वर केलं, पर्समधून नवा रिले काढला आणि पंख्याच्या रिकाम्या जागेत बसवला. टक् करून बसला.

थोड्या वेळाने दिनेश आला. मिस्त्रीने नीट तपासणी केली, त्याचा काही दोष नाही. फ्यूज पाहिला, ठीक. पंख्याला बॅटरीवरून सरळ करंट दिला, फिरला. चावी चालू करून टेम्परेचर सेन्सरचा प्लग काढला, तसाही पंखा आपोआप सुरू झाला. "पंखा तो बराबर है," तो म्हणाला. मग डबीवर बोट ठेवून, "ये रिले नया दिख रहा है?"

दिनेश माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "जनवरी में मैंने ही बदला था."

"मॅडम ने बदला है तो फिर ठीक है," मिस्त्री म्हणाला. रेडिएटर कोरडा ठाक होता. पाणी उकळून गेलं होतं, आधी कमी नव्हतं. पण पंखा असा गरागरा फिरताना दिसल्यावर पाणी आधीच कमी होतं, याशिवाय तो दुसरं काय म्हणणार? दिनेशला विचारलं, निघताना पाणी पाहिलं होतं का? दिनेश खाली बघून म्हणाला, "नाही पाहिलं." बापाचं तोंड वाकडं झालेलं असताना कोण पाणी बघतं, सांगा.

मग ते घरभर झालं, गावभर झालं. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, पोराने पाणी न बघताच गाडी नेली. यांनी भावाशी कितीतरी महिने धड बोलणं टाकलं. वरातीला कुणी बोलावेना, आणि बोलावलं तरी तो जाईना. त्याने स्टिअरिंगला हातच लावला नाही. आजही शेतात बाइकने जातो, लांब जायचं तर बसने. आणि मी? मी दोघा भावांना समजावत होते. जाऊ द्या, चूक माणसाकडूनच होते, असं मी म्हणत होते. मी.

मागच्या वर्षी आबा गेले. शेवटच्या सकाळी दिनेश त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडला. म्हणाला, आबा, मी पाणी नाही बघितलं, मला माफ करा. आबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलून त्याच्या केसांवर ठेवला. मी उशाशी चमचा-वाटी घेऊन उभी होते, त्यांना पाणी पाजायला. तेव्हा बोलता आलं असतं. आबांना ऐकू येत होतं.

मी वाटीतलं पाणी पाजलं.

गाडी नंतर दुरुस्त झाली, शाळेला तीच नेते. रोज सकाळी मी डबा भरत असते तेव्हा दिनेश अंगणात येतो, बॉनेट उघडतो, पाणी बघतो, कमी असलं तर घालतो. कुणी सांगितलेलं नाही त्याला. मग दारातून हाक देतो, "वहिनी, पाणी पाहिलं." हल्ली मेकॅनिक वहिनी म्हणत नाही, नुसतं वहिनी.

आजही पाहिलं त्याने. मी बरं म्हटलं आणि निघाले. वळणावर देवीच्या ठाण्यापाशी हॉर्न दाबला. वाजला.