छत्रीमागचं व्हेनिस

इथे परदेशात, ॲडम्सटाउनमधले आमचे शेजारी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहेत, पण मूळचा पिंड टूर मॅनेजरचा. साधं हवापाणी सांगतानाही हात पसरून "उजवीकडे बघा" म्हणतात. दर वाक्याशेवटी "काय?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य सुरू करतात.

लॉकडाउनमध्ये त्यांची व्हेनिसची ट्रिप रद्द झाली. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. त्यांची बायको डॉक्टर; कोविड वॉर्डातून परतताना जिन्यात भेटली, तर मान वर करायचंही तिच्यात त्राण नसे.

एका रविवारी मी जवळच्या कालव्यावर फिरत होतो. समोरून हे आले. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर हॅट, मिटलेली छत्री झेंड्यासारखी उंच धरलेली. मागे एकटी बायको.

"उजवीकडे राजवाडा!" तिथे एक पडकं घर होतं. "डावीकडे गोंडोला, काय?" तिथे दोन हंस होते. मला बघून ओरडले, "ग्रुपमधून मागे राहू नका!" मी मुकाट्याने अंतर ठेवून मागे चालू लागलो.

पुलावर बायको थांबली. "मॅनेजर, शॉपिंगला किती वेळ?"

आजूबाजूला गवत आणि बदकं. त्यांनी गंभीरपणे घड्याळ बघितलं. "अर्धा तास. बसमध्ये वेळेवर या, काय?"

ती हसायला लागली. कठडा धरून, डोळे पुसत हसत राहिली. आणि हे छत्री तशीच वर धरून, पहिल्यांदाच, उत्तराची वाट बघत उभे होते.